हरकत नाही

मोठीखार, ता. अलिबाग, जि. कुलाबा
८ जानेवारी १९६१

मास्तर,

नलू आणि तुम्ही बरी असाल असं धरून चालतो. एरवी मी घरच्या गोष्टींपासून सुरुवात करतो. आज करत नाही, कारण हे पत्र तुमच्या मेव्हण्याचं नाही. मोठीखार मिठागर कामगार युनियनच्या सेक्रेटरीनं आपल्या आमदाराला लिहिलेलं आहे.

मंगळवारी अलिबागहून वर्तमानपत्र आलं. त्यात फोटो आहे. मांडव्याला अपरांत केमिकल्सच्या बंगल्यासमोर चार सूटवाले आणि मधे तुम्ही, गळ्यात हार. खाली छापलंय की कंपनीच्या स्थानिक सल्लागार समितीवर आमदार दिनानाथ ठाकूर यांची नेमणूक झाली, आणि खाडीकाठची सातशे एकर सरकारी खारजमीन कारखान्यासाठी कंपनीला भाडेपट्ट्यानं देण्याचा विचार चालू आहे. त्या सातशे एकरांत आपली सगळी मिठागरं येतात. तिथं अकराशे माणसं राबतात, हे मात्र छापलेलं नाही.

मी बांधावर सगळ्यांना वाचून दाखवलं. मग टोपलीवाल्या बायकांतली रंगूबाई म्हणाली, "मास्तराला इचारा. फोटो खोटा बी आसंल." तुमच्यावर अजून एवढा विश्वास आहे म्हणून हे पत्र.

आज सभा झाली. ठराव असा: तुम्ही त्या समितीचा राजीनामा द्यावा, आणि कामगारांचा या पट्ट्याला विरोध आहे हे विधानसभेत उभं राहून सांगावं. मुदत होळीपर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत युनियन तुमचं काम करणार नाही.

हा ठराव मी स्वतः लिहिला. त्रेपन्नच्या संपात शाळा बंद ठेवून तुम्ही आमच्यात येऊन बसलात, आपण दोघं एकोणीस दिवस एका कोठडीत होतो, सत्तावन साली खाडीपलीकडची माणसं आम्ही होड्यांतून मतदानाला आणली. ते सगळं आठवतच लिहिला.

हिरामण म्हात्रे

●

आमदार निवास, मुंबई
१७ जानेवारी १९६१

प्रिय हिरामण,

फोटो खरा आहे. हारही खरा आहे. रंगूबाईला तसं सांग.

आता माझं ऐक. बाहेर उभं राहून घोषणा देणं मला येतं, तू पाहिलंयस. पण कारखान्यात किती माणसं घ्यायची, कुणाची घ्यायची, हे बाहेरून ठरवता येत नाही. समितीवर मी आहे म्हणून निदान आत काय शिजतंय ते कळतं. मी उठलो तर त्या खुर्चीवर कंपनीला हवा तो माणूस बसेल.

आणि मिठागरांत असं काय आहे रे जपण्यासारखं? वर्षातले सहा महिने काम. चाळिशीत डोळे जातात, खाऱ्या पाण्यानं पाय सडतात. शाळेत माझ्यापुढे बसणारी पोरं चौथीनंतर टोपली उचलायला जायची, ते मी बारा वर्षं पाहिलं. कंपनी चारशे कायमच्या नोकऱ्या देते म्हणते. दवाखाना आणि हायस्कूल बांधते म्हणते. आमच्या पक्षातले वडीलधारेही या योजनेच्या बाजूचे आहेत. मी एकटा आडवा कसा येऊ?

ठराव मागं घे असं म्हणत नाही. फक्त तारीख काढून टाक. मुदत घालून दिलेल्या माणसाला कोणी आत बोलू देत नाही.

एक खासगी. कारखान्याच्या कामगार अधिकाऱ्याला हाताखाली इथला जाणता माणूस हवा आहे. मी तुझं नाव सुचवलंय. तुझ्यापेक्षा योग्य माणूस मला माहीत नाही.

नलूनं सुकी मांदेली मागितली आहेत. कोणी येणार असेल तर पाठव.

तुझा
दिनानाथ

●

मोठीखार
२९ जानेवारी १९६१

मास्तर,

तुमचं पत्र कमिटीत वाचलं. नोकरीचा मजकूर तेवढा गाळला. तो वाचला असता तर तुमची अब्रू गेली असती, आणि मी तो खिशात घेऊन आलो म्हणून माझीही. तुम्ही चांगल्या मनानं सुचवलं असेल. मला मात्र ते गप्प बसायचं आमंत्रण वाटलं.

तारीख काढली तर ठराव उरत नाही, नुसती इच्छा उरते. तारीख राहील.

चारशे नोकऱ्या म्हणता. अकराशेतून चारशे कोण निवडणार, आणि उरलेल्या सातशेंना घरी जा म्हणून कोण सांगणार? तुम्ही सांगणार असाल तर कळवा, मी सभा बोलावतो. पाय सडतात हे मला सांगायला नको, माझेही सडलेत. त्यावर आम्ही गमबूट मागितले होते. तो अर्ज दोन वर्षं तुमच्याकडे आहे. मिठागरच नको असं आमच्यातलं कोणी कधी म्हटलं नाही.

मांदेली रेवसच्या लाँचनं मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आहेत.

हिरामण

●

मोठीखार
२४ एप्रिल १९६१

मास्तर,

होळी होऊन पावणेदोन महिने झाले. उत्तर आलं नाही. शुक्रवारी तुम्ही स्वतःच आलात, पण अर्ध्या वाटेपर्यंत.

भरतीबरोबर कंपनीची लाँच खाडीत शिरली. मोजणीवाले उतरले, त्यांच्यामागे कंपनीचे दहा-बारा पहारेकरी. हंगामाचे शेवटचे दिवस, कुंड्यांत पाणी आटून मीठ धरलेलं, आणि यांना खांब त्याच मिठात रोवायचे. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि बांधावर ओळीनं बसल्या. घोषणा नाही, शिवी नाही. मी मोजणीवाल्याला समजावत होतो की पंधरा दिवस थांबा, मीठ उचलू द्या, मग काय ते बघू. माणूस भला होता, तो मान हलवत होता. तेवढ्यात पहारेकऱ्यांनी बायकांना दंड धरून ओढायला सुरुवात केली. रंगूबाई उठेना. दोघांनी तिला उचललं आणि बांधाखाली लोटलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं जे दगडी दार आहे त्याच्या कठड्यावर ती पडली. उजवा हात कोपरात मोडला. हाड वाजलेलं मी ऐकलं.

तुम्ही लाँचवर होतात. पांढरी टोपी सगळ्यांनी ओळखली. मधे शंभर पावलांचं पाणीही नव्हतं. बायका "मास्तर, मास्तर" म्हणून हाका मारत होत्या. तुम्ही उभे राहिलात. मॅनेजर तुमच्या कानाशी काही बोलला आणि तुम्ही खाली बसलात. मग लाँच फिरली.

पहारेकरी तुम्ही आणलेत असं इथं सगळे म्हणतात. मीही तसंच समजतो. तसं नसेल तर लिहा.

हिरामण म्हात्रे, सेक्रेटरी

●

मुंबई
२ मे १९६१

सेक्रेटरी, मोठीखार मिठागर कामगार युनियन, यांस

आपले २४ एप्रिलचे पत्र पोचले. मोजणीच्या वेळी मी केवळ निमंत्रित म्हणून उपस्थित होतो. घडलेल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे. जखमी बाईंच्या औषधोपचाराची व्यवस्था कंपनीने करावी, असे मी सुचवले आहे. पहारेकरी मी आणले नव्हते. याहून अधिक लिहिणे मला आज शक्य नाही.

दि. तु. ठाकूर
विधानसभा सदस्य

(खाली पेन्सिलीने:) हिरामण, रंगूबाईचा हात कसा आहे?

●

मुंबई
१९ जून १९६१

दादा,

तुझी नलू पाया पडते. हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे आणि स्वतः पोस्टात टाकणार आहे.

तुझं एप्रिलचं पत्र मी वाचलं. ते यांनी टेबलावरच ठेवलं होतं. मला वाटतं, मी वाचावं म्हणूनच ठेवलं असेल. पहारेकरी यांनी आणले नाहीत, दादा. त्या दिवशी घरी आले ते दारातच बसून राहिले. मी चहा केला तो तसाच निवला. तू यांना जेवढं वाईट समजतोस तेवढे हे नाहीत. पण हे सांगतात तेवढे मोकळेही नाहीत. ते तुला कळावं म्हणून लिहिते.

गेल्या नोव्हेंबरात कंपनीचे दोघे घरी आले होते. ते गेल्यावर यांनी एक कागद लिहिला. आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत टाइप करून घेतला. मराठी कागद मी वाचला. तो मला पाठ आहे. "मोठीखार येथील मिठागर कामगारांची या योजनेस हरकत नाही. त्यांच्या वतीने मी हे लिहून देत आहे." खाली सही.

मी विचारलं, "त्यांना विचारलंत?" तर म्हणाले, "विचारायचंय. पण ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत." मी पुढं बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. आपल्याच माणसांबद्दल होतं ते, आपल्या आईनं त्याच बांधावर टोपल्या वाहिल्या.

तेव्हा यांना खरंच वाटत होतं की गावाचं भलं होईल. आता कंपनीचे लोक चारशे नोकऱ्यांवरून अडीचशेवर आलेत, आणि परवा तर "गरजेप्रमाणे" म्हणाले. यांना तोंड उघडता येत नाही. उघडलं की ते तो कागद पुढं करतात.

हे सभेत वाचू नकोस. मी कळवलं असं बाहेर आलं तर मला या घरात राहणं कठीण जाईल. माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस.

नलू

●

मोठीखार
३ ऑक्टोबर १९६१

मास्तर,

या पत्रावर युनियनचा शिक्का नाही. शिक्का आता नव्या सेक्रेटरीकडे, चांगदेवाकडे आहे. का ते सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात तुम्ही कंपनीला एक कागद लिहून दिलात. आमची हरकत नाही, असा. त्यातली दोन्ही वाक्यं मला अक्षरशः माहीत आहेत. कशी कळली ते विचारू नका.

आम्ही ठराव करून तुम्हाला विचारत होतो, आणि आमचं उत्तर तुम्ही आधीच देऊन बसला होतात. पट्ट्याचा, कंपनीचा मला एवढा राग आला नाही. कंपनी कंपनीसारखी वागली. आमच्या तोंडचे शब्द तुम्ही लिहिलेत, याचा आला.

जुलैच्या सभेत चांगदेव उभा राहिला. सेक्रेटरी आपल्या मेव्हण्याला राखतो, असं म्हणाला. रागीट आहे पण लबाड नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू काही लपवत नाहीस असं शपथेवर सांग." मी म्हणालो, लपवतोय, आणि आत्ता सांगणार नाही. मला दूर करायचं असेल तर करा. त्यांनी केलं. माझी तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तीन महिने मी मिठागरावर जातो आणि माझ्याशी कोणी तंबाखूपुरतंही बोलत नाही. पावसात फुटलेल्या बांधावर चिखल टाकताना माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवतात.

आता माझं म्हणणं. नागपूरच्या अधिवेशनात हा पट्टा चर्चेला येणार असं ऐकतो. तुम्ही उभे राहा आणि तो कागद तुमच्या तोंडानं वाचा. वाचून मागं घ्या. अधिवेशन संपेपर्यंत मी गप्प राहीन. त्यानंतर जे मला माहीत आहे ते सभेत सांगेन, मग त्यानं कुणाच्या घरात काय होईल ते होवो. लिहिलंय ते खोडणार नाही.

रंगूबाईचा हात जुळला, वाकडा जुळला. टोपली डाव्या हातानं पेलते.

हिरामण

●

मुंबई
१९ ऑक्टोबर १९६१

प्रिय हिरामण,

त्या मराठी कागदाबद्दल या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यामुळं तू न सांगताही मला कळलं.

चार दिवस मी नलूशी बोललो नाही. पाचव्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "मी कळवलं. तुम्ही माणसं पाठवून रंगूबाईचा हात मोडवलात असं माझ्या भावाला वाटत होतं. ते मला सहन होईना." मी ताटावरून उठलो. ती जेवत राहिली. मग मी परत येऊन बसलो. तुला काळजी वाटत असेल म्हणून लिहितो, ती इथंच आहे आणि माझ्यापेक्षा ताठ आहे.

लाँचवर काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकांना ओढायला लागल्यावर मी उठलो आणि मॅनेजरला म्हणालो, तुमची माणसं मागं घ्या, मी खाली उतरतो. तो हसला नाही, चिडलाही नाही. हळूच म्हणाला, "आमदारसाहेब, हरकत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. आता हे लोक कोण आहेत?" ही माझी माणसं आहेत म्हणालो असतो तर कागद खोटा ठरला असता. म्हणून मी बसलो. माझं नाव घेऊन हाका मारणारे आवाज मला एकेक ओळखू येत होते. त्यातल्या तिघी माझ्याकडे शाळेत होत्या.

कागद का लिहिला, याचं खरं कारण सांगू? लाच नव्हती. त्या दिवशी ते दोघे माझ्या घरी आले, मला "मोठीखारचा शब्द" म्हणाले. मी नुसतं बोललो की गाव ऐकतं, असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही तसं वाटायला आवडलं.

वाचला तर पक्ष मला पुन्हा उभं करणार नाही. नाही वाचला तर तुम्ही करणार नाही. पण आता मला भीती वाटते ती खुर्चीची नाही. भर सभागृहात, मी माणसांना न विचारता त्यांच्या वतीनं सही केली, हे वाक्य उच्चारायचं, याची वाटते.

काय करीन ते आज सांगत नाही. एकदा कंपनीला शब्द दिला, तेवढं पुरे झालं.

दिनानाथ

●

मोठीखार
११ जानेवारी १९६२

मास्तर,

नागपूरची बातमी इथं तीन दिवसांनी पोचली. चांगदेवानंच वर्तमानपत्र आणलं आणि वडाखाली मोठ्यानं वाचलं. तुम्ही तो कागद वाचलात, मागं घेतलात, समितीचा राजीनामा तिथंच दिलात. तुमच्याच बाकावरून तुम्हाला खाली बसा म्हणून ओरडले, तरी तुम्ही शेवटचं वाक्य पुरं केलंत. पट्ट्याची पुन्हा चौकशी होईल असं सरकारनं सांगितलं. म्हणजे पट्टा रद्द नाही, पण या हंगामात खांब येत नाहीत. ही बातमी कळली तेव्हा बायका कुंड्यांत मीठ ओढत होत्या, त्यांनी काम थांबवलं नाही, पण बोलणं सुरू केलं. माझ्याशीही.

चांगदेव माझ्याकडे आला आणि शिक्का हातात ठेवून म्हणाला, "लपवलंस ते हेच होय?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तरी लपवायचं नव्हतं." ते बरोबरच आहे.

पक्षानं तुम्हाला वगळलं हेही कळलं. तुम्ही अपक्ष उभे राहणार असाल तर युनियननं मागं उभं राहावं का, यासाठी रविवारी सभा घेतली. तुम्ही तसं मागितलं नव्हतं, पण बऱ्याच जणांच्या मनात होतं. दोन तास झाले. कोणी म्हणे मास्तरानं आपल्यासाठी सगळं गमावलं. कोणी म्हणे गमावायची वेळ त्यानंच आणली. मग रंगूबाई उठली. वाकडा हात तिनं पदराखाली घेतला होता. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"मास्तर बोलला त्ये चांगलं केलं. आवघड व्हतं. पन माझा हात मोडल्याव आठ महिन्यानं बोलला. त्याला शाबासकी देऊ. मत न्हाय द्यायचं. मत शाबासकीसाठी नसतंय."

त्यावर हात वर करायला सांगितले. मी सेक्रेटरी म्हणून गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी हात वर केला. तुमच्या विरुद्ध. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहितो आहे.

अभिनंदनाचा ठराव वेगळा झाला, एकमतानं. तो सोबत आहे. युनियननं चांगदेवाला उभं करायचं ठरवलं आहे.

नलूला सांगा, तिचं नाव मी कुठंच काढलं नाही आणि काढणार नाही.

हिरामण

●

मुंबई
२० जानेवारी १९६२

प्रिय हिरामण,

तुझं पत्र नलूला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, राग आला का. मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी रंगूबाईचं वाक्य पुन्हा वाचलं, तिसऱ्या दिवशी ते पटलं. तिला सांग की मास्तरला समजायला तीन दिवस लागले. आणि तू हात वर केलास ते लिहून कळवलंस, याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

मी उभा राहत नाही. खोली या महिनाअखेर सोडतो. नलूला मोठीखारलाच राहायचं आहे. तालुक्यातल्या एका शाळेत जागा आहे म्हणतात, अर्ज केला आहे. चांगदेवाला माझा प्रचार चालणार असेल तर मी गावोगाव हिंडेन. चालणार नसेल तर घरी बसेन. त्याला विचारून कळव. त्याच्या वतीनं तू हो म्हणू नकोस.

त्याच्याकडून लेखी घ्यायचं चाललंय असं ऐकलं. कंपन्यांशी संबंध ठेवणार नाही, समितीवर जाणार नाही, वगैरे. जरूर घ्या. पण मी त्या वाटेनं जाऊन आलेला माणूस आहे, म्हणून एक सांगतो.

सत्तावन साली तुम्ही मला विचारलं असतंत, की मास्तर, उद्या कंपनीवाले घरी आले, तुमच्याशी गोड बोलले, तर तुम्ही आम्हाला न विचारता सही कराल का, तर मी नाही म्हणालो असतो. आणि अगदी मनापासून म्हणालो असतो. तेव्हा चांगदेव नाही म्हणाला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याला दर महिन्याला गावात बोलवा, बांधावर उभं करा, आणि पुन्हा विचारा. त्याला अपमान वाटला तरी विचारा. मला कोणी विचारलं नाही, कारण मी मास्तर होतो.

दिनानाथ